स्त्रियांचा मताधिकार : चळवळ आणि कायदा (१९१७ ते १९५०)

१

भारतीय स्त्रियांना मताधिकार विनासायास मिळाला, असे विधान नेहमी केले जाते. इंग्लंडातील स्त्रियांना तुरुंगवास व अन्नत्याग पत्करावा लागला. भारतीय स्त्रीच्या पदरात मात्र १९५० च्या संविधानाने तो हक्क न मागता घातला, असा या विधानाचा आशय असतो. याच्या उलट दुसरे एक मत आढळते. त्यानुसार स्त्रियांच्या संघटनांनी मागणी केली, लढा दिला आणि सरकारला नमविले. ही दोन्ही मते अपुरी आहेत. पहिल्या मतात १९१७ पासूनच्या तेहेतीस वर्षांच्या प्रयत्नांची नोंद नाही. दुसऱ्या मतात त्या प्रयत्नांना कोणते यश मिळाले आणि कोणते मिळाले नाही, याचा विवेक नाही.

सामाजिक चळवळ स्वतः कायदा करीत नाही. कायदा करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो त्यांना प्रश्न टाळणे अशक्य करणे, हे चळवळीचे पहिले कार्य होय. ते साधल्यावर उत्तराचे स्वरूप कोण ठरवितो आणि कोणत्या कसोटीवर ठरवितो, हा दुसरा व अधिक अवघड प्रश्न उरतो. स्त्रियांच्या मताधिकाराच्या इतिहासात पहिले कार्य लवकर व मोठ्या कौशल्याने पार पडले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्या स्त्रीसंघटनांना मिळाले नाही. ते मिळण्यास मालमत्तेची कसोटीच नाकारणाऱ्या दुसऱ्या एका चळवळीची जोड आवश्यक ठरली. प्रस्तुत विवेचनाचा रोख या दोन चळवळींच्या परस्परसंबंधावर असून त्यात मुंबई इलाख्याकडे विशेष लक्ष दिले आहे.

२

मताधिकाराची मागणी पुढे येण्यापूर्वी स्त्रियांच्या संस्थात्मक जीवनाची जडणघडण महाराष्ट्रात बरीच झालेली होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध करून पुरुषवर्गाला जाब विचारला. १८८९ च्या मुंबई येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास पंडिता रमाबाई व इतर काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या. १९०४ साली मुंबईत सामाजिक परिषदेच्या निमित्ताने भारत महिला परिषद भरली व तिचे अध्यक्षपद रमाबाई रानडे यांनी भूषविले. १९०९ साली पुण्यास सेवासदनाचे काम सुरू झाले आणि १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली.

यांपैकी बहुतेक संस्थांचा प्रकट हेतू राजकीय नव्हता. शिक्षण, आरोग्यसेवा, विधवांचे पुनर्वसन व हस्तव्यवसाय ही त्यांची क्षेत्रे होती. तथापि सभा भरविणे, ठराव मांडणे, वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे आणि परगावच्या मंडळांशी पत्रव्यवहार करणे ही सार्वजनिक जीवनाची कामे स्त्रिया या संस्थांमधूनच शिकल्या. राजकीय प्रश्न उपस्थित झाला तेव्हा त्याला उत्तर देण्यास तयार असलेला एक वर्ग त्यामुळेच अस्तित्वात होता. चळवळ एखाद्या घोषणेने जन्मास येत नाही. घोषणेच्या आधी तिची माणसे घडलेली असावी लागतात.

३

२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानास टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस ते लोकमत अजमावण्यासाठी या देशात आले. त्याच वर्षी मे महिन्यात मद्रासजवळ अड्यार येथे ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली होती. तिच्या संस्थापकांपैकी मार्गारेट कझिन्स यांनी स्त्रियांच्या शैक्षणिक व सामाजिक गरजा मांडण्यासाठी भारतमंत्र्यांची भेट मागितली. राजकीय विषयावरील शिष्टमंडळांचीच भेट घेतली जाईल, असे त्यांना कळविण्यात आले.

या उत्तराचा परिणाम ते देणाऱ्यांच्या अपेक्षेबाहेरचा झाला. शिक्षणाचा विषय राजकारणात बसत नसेल तर राजकारणाचाच विषय हाती घ्यावा, असा निर्णय झाला. १८ डिसेंबर १९१७ रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रास येथे माँटेग्यू व व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना भेटले. ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स व बेगम हसरत मोहानी यांचा त्यात समावेश होता. पुढे राणी लक्ष्मीबाई राजवाडे या नावाने प्रसिद्धीस आलेल्या डॉ. जोशी याही त्यात होत्या. शिक्षण व आरोग्य यांविषयीच्या मागण्या निवेदनात होत्याच. परंतु मताधिकाराचे नियम करताना ‘लोक’ या शब्दात स्त्रियांचाही समावेश समजला जावा, ही त्यातील मुख्य मागणी होती.

या मागणीची मांडणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. स्त्रियांसाठी स्वतंत्र सवलत मागण्यात आलेली नव्हती. जी पात्रता पुरुषांना लागू होईल तीच स्त्रियांना लागू व्हावी आणि केवळ स्त्री म्हणून कोणी अपात्र ठरू नये, एवढेच मागणे होते. या मांडणीत मोठे बळ होते. कारण ती नाकारण्यास कारण द्यावे लागत होते. तिच्यातच एक उणीवही होती. पुरुषांना लागू होणारी पात्रता न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न तीत उपस्थितच होत नव्हता. या बळाचे व उणिवेचे दोन्ही परिणाम पुढील कायद्यांत उमटलेले दिसतात.

यानंतर मागणीला राजकीय सभांचा पाठिंबा मिळविण्याचे काम झपाट्याने झाले. १९१८ च्या मे महिन्यात विजापूर येथे भरलेल्या मुंबई प्रांतिक परिषदेत सरोजिनी नायडू यांनी हा विषय मांडला. त्याच वर्षी मुंबईस राष्ट्रीय सभेचे खास अधिवेशन भरले, तेव्हा स्त्रीत्वामुळे कोणास अपात्र ठरवू नये या अर्थाचा ठराव संमत झाला. डिसेंबरात दिल्लीच्या अधिवेशनात सरलादेवी चौधुराणी यांनी या मागणीचे समर्थन केले. इंग्लंडात त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा संमत झाला होता. हिंदुस्थानातील स्त्रियांना नकार देणाऱ्यांची भूमिका त्यामुळे अधिकच अडचणीची झाली.

४

मताधिकाराचे तपशील ठरविण्यासाठी लॉर्ड साऊथबरो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९१८–१९ च्या हिवाळ्यात देशभर साक्षी नोंदविल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने निवेदने व साक्षी सादर झाल्या होत्या. तरीही समितीने तो देणे अकाली ठरेल असा निष्कर्ष काढला. पुरुष मतदारांनाच मताचा जबाबदारीने उपयोग करण्याचे शिक्षण अद्याप मिळावयाचे आहे आणि पडदापद्धती शिथिल होईपर्यंत स्त्रियांचे मतदान व्यवहार्य नाही, अशी कारणे तिने दिली. ज्या प्रदेशांत पडदापद्धती नव्हती तेथील परिस्थितीचा निराळा विचार मात्र झाला नाही.

या नकारानंतर चळवळीने आपले कार्यक्षेत्र बदलले. मुंबईच्या स्त्रियांनी निषेधसभा भरविली आणि आपल्या बाजूने साक्ष देण्यासाठी श्रीमती हिराबाई टाटा व त्यांच्या कन्या कु. मिठन टाटा यांना इंग्लंडला पाठविले. विधेयकाचा विचार करणाऱ्या संयुक्त समितीपुढे सरोजिनी नायडू व ॲनी बेझंट यांनीही बाजू मांडली. टाटा मायलेकींनी इंग्लंडात ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि तेथील स्त्रीसंघटनांचा पाठिंबा मिळविला. कु. मिठन टाटा पुढे शिक्षणासाठी तेथेच राहिल्या, १९२३ साली बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून मिठन लाम या नावाने ख्यातनाम झाल्या.

संयुक्त समितीने काढलेला मार्ग मोठा मासलेवाईक होता. हा प्रश्न हिंदी समाजव्यवस्थेच्या मुळाशी भिडणारा असल्याने त्याचा निर्णय हिंदी लोकांनीच आपल्या विधिमंडळांतून करावा, असे तिने सुचविले. १९१९ च्या कायद्याखालील नियमांत स्त्रिया अपात्रच राहिल्या. परंतु एखाद्या प्रांताच्या कायदेकौन्सिलाने ठराव केल्यास त्या प्रांतापुरती ती अपात्रता दूर व्हावी, अशी तरतूद झाली. यात एक विसंगती उघड होती. स्त्रियांना मत असावे की नसावे हे ठरविण्याचे काम, ज्यांच्या निवडणुकीत एकाही स्त्रीला मत नव्हते अशा सभासदांकडे सोपविले गेले.

या तरतुदीकडे चळवळीचा पराभव म्हणून पाहता येईल, तसेच तिचा पहिला विजय म्हणूनही पाहता येईल. हक्क मिळाला नाही हे खरे. परंतु साऊथबरो समितीने बंद केलेले दार संसदेने किलकिले केले होते. मागणीच नाही, असे म्हणण्यास संसदेला आता जागा उरली नव्हती. टाळता न येणारा प्रश्न दुसऱ्याकडे सोपविणे एवढाच मार्ग तिच्यापुढे राहिला. एका केंद्रीय निर्णयाच्या जागी आता प्रांतोप्रांतीचे निर्णय आले आणि चळवळीलाही प्रांतोप्रांती जावे लागले.

५

नव्या कायद्याखालील पहिल्या निवडणुका १९२० च्या अखेरीस झाल्या. असहकारितेच्या धोरणामुळे काँग्रेसने त्यांवर बहिष्कार टाकला होता. मद्रासेत जस्टिस पक्षाचे बहुमत झाले. मुंबईच्या कौन्सिलात नेमस्त, ब्राह्मणेतर, जमीनदार व व्यापारी वर्गांचे सभासद होते. स्त्रियांच्या मताधिकाराला १९१८ मध्ये पाठिंबा देणारी राष्ट्रीय सभा या निर्णयाच्या वेळी सभागृहाबाहेर होती. तरीही मद्रासच्या कौन्सिलाने १९२१ च्या एप्रिलमध्ये आणि मुंबईच्या कौन्सिलाने त्याच वर्षी काही महिन्यांनी स्त्रियांची अपात्रता दूर करणारे ठराव संमत केले. मागणी कोणत्याही एका पक्षाच्या नावावर बांधलेली नव्हती, हे चळवळीचे धोरण येथे फलदायी ठरले. ज्या सभासदांचे राष्ट्रीय राजकारण परस्परविरोधी होते ते या ठरावावर एकत्र येऊ शकले.

मुंबई इलाख्यात या सुमारास रमाबाई रानडे यांनी मताधिकाराच्या चळवळीत पुढाकार घेतला. पुण्यात १९२० साली एक महत्त्वाचा वाद घडून गेला होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावयाचे तर ते मुलामुलींना एकदमच लागू करावे, की पैशाच्या अडचणीमुळे प्रथम मुलांना लागू करावे, या प्रश्नावर शहरात तीव्र मतभेद झाले. लोकमान्य टिळकांचा पक्ष दुसऱ्या मताचा होता. रमाबाई रानडे व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने सभा भरवून आपले म्हणणे मांडले. १९१७ साली मद्रासेत शिक्षणाचा विषय राजकीय नाही असे सांगण्यात आले होते. पुण्याच्या या वादाने तो किती राजकीय आहे हे दाखवून दिले. नगरपालिकेचा पैसा मुलींच्या शाळेवर खर्च व्हावा की नाही, हे ज्यांच्या मतांनी ठरते त्यांत स्त्रियांचे वजन किती, हा प्रश्न शिक्षणापासून वेगळा काढता येण्यासारखा नव्हता.

मुंबईच्या यशाशेजारी बंगालचे अपयश ठेवले असता चळवळीच्या मर्यादा स्पष्ट होतात. स्त्रीशिक्षणाचा व धर्मसुधारणेचा बंगालचा वारसा मोठा होता. कामिनी राय प्रभृतींनी १९२१ साली बंगीय नारी समाज ही संस्थाही स्थापन केली. तरीही त्या वर्षीच्या सप्टेंबरात बंगालच्या कौन्सिलाने ३७ विरुद्ध ५६ मतांनी ठराव फेटाळला. तेथे तो संमत होण्यास १९२५ साल उजाडावे लागले. विचारांचा वारसा असणे वेगळे आणि त्या वेळच्या सभागृहात मते असणे वेगळे. मधल्या काळात संस्थेने सभा, निवेदने व प्रत्यक्ष भेटी यांनी सभासदांची मने वळविण्याचे काम नेटाने चालविले आणि १९२३ च्या कलकत्ता म्युनिसिपल कायद्याने स्त्रियांना शहराच्या कारभारात मत मिळाल्याने पुढील पायरी सुकर झाली.

प्रांतोप्रांतीच्या निर्णयांमुळे मराठी भाषिक स्त्रियांचीही विभागणी झाली. मुंबई इलाख्यातील पात्र स्त्रियांना १९२३ च्या निवडणुकीत मत देता आले. नागपूर–वऱ्हाडकडील स्त्रियांना मध्यप्रांताच्या कौन्सिलाचा ठराव होईपर्यंत १९२७ ची वाट पाहावी लागली. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने या कायद्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. एकाच भाषेच्या व एकाच चालीरीतीच्या स्त्रियांचा हक्क असा सरहद्दींवर अवलंबून राहिला, यावरून समाजस्थितीचे जे कारण साऊथबरो समितीने दिले होते त्यातील फोलपणा दिसून येतो.

मत देण्याचा हक्क आणि उमेदवार होण्याचा हक्क हेही एकाच वेळी मिळाले नाहीत. मुंबई महानगरपालिकेत सरोजिनी नायडू व अवंतिकाबाई गोखले १९२३ मध्ये निवडून गेल्या. परंतु प्रांतिक कौन्सिलांची दारे स्त्री उमेदवारांना १९२६ पर्यंत बंद होती. ती उघडल्यावर कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी मद्रास कौन्सिलाची निवडणूक लढविली व त्या थोड्या मतांनी पराभूत झाल्या. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची त्याच कौन्सिलावर नेमणूक झाली आणि पुढे त्या तिच्या उपाध्यक्ष झाल्या.

६

या यशाचे मोल प्रत्यक्षात किती होते, याचा विचार आता केला पाहिजे. मुंबई इलाख्यातील ग्रामीण मतदारास सामान्यतः ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन धारण करावी लागे. शहरात ठराविक भाड्याच्या घराची किंवा प्राप्तिकराची अट होती. ही पात्रता पुरुषांतही थोड्यांनाच होती. स्त्रियांच्या नावावर जमीन वा घर असणे त्याहून विरळ होते. कारण वारसाहक्काच्या तत्कालीन कायद्यांनी बहुसंख्य स्त्रियांना मालमत्तेपासून दूरच ठेवले होते. १९३२ साली लोथियन समितीने हिशेब घेतला तेव्हा सर्व प्रांतांतील सुमारे ७० लाख मतदारांत स्त्रिया केवळ ३ लाख १५ हजारांच्या आसपास होत्या. वीस पुरुषांमागे एक स्त्री हे प्रमाणही गाठले गेले नव्हते.

‘पुरुषांच्याच पात्रतेवर’ ही मागणी पूर्णपणे मान्य होऊनही निष्पत्ती एवढीच झाली. कायद्याने स्त्रीत्वाची अपात्रता काढली; मालमत्तेची अपात्रता जागच्या जागी राहिली आणि तिच्यामागे स्त्रीत्वाची अपात्रता पुन्हा उभी राहिली.

नेमका हाच प्रश्न अस्पृश्य वर्गाच्या बाजूने साऊथबरो समितीपुढे मांडला गेला होता. २७ जानेवारी १९१९ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांनी या समितीपुढे साक्ष दिली. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही अस्पृश्यांचा प्रश्न तिच्यापुढे मांडला. आंबेडकरांच्या प्रतिपादनातील एक मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. अस्पृश्यतेमुळेच ज्यांना धंदा, नोकरी व मालमत्ता यांपासून वंचित राहावे लागते त्यांना मालमत्तेच्या समान कसोटीने मोजणे म्हणजे अन्यायाच्या परिणामालाच अपात्रतेचे कारण बनविणे होय, असा त्याचा आशय होता. मताधिकार हा शिक्षणानंतर मिळावयाचा मान नसून तो वापरणे हेच एक शिक्षण आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी त्यांनी आपल्या वर्गासाठी पात्रतेची मर्यादा खाली आणण्याची मागणी केली होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि पहिल्या गोलमेज परिषदेच्या मताधिकारविषयक उपसमितीत ती पुन्हा मांडली. कामगारांचे प्रतिनिधी ना. म. जोशी यांनीही तेथे तीच बाजू घेतली.

या प्रतिपादनातील ‘अस्पृश्यता’ या शब्दाच्या जागी ‘स्त्रीत्व’ हा शब्द घातला असता युक्तिवादाला कोठेही बाध येत नाही. तथापि १९१९ मध्ये हे दोन प्रवाह एकाच समितीपुढे परस्परांशेजारून वाहिले. ते मिळाले नाहीत. स्त्रीसंघटनांचे नेतृत्व बहुतांशी सुशिक्षित व संपन्न वर्गांतून आलेले होते आणि मालमत्तेची कसोटी त्यांना तितकीशी बोचणारी नव्हती, हे त्याचे एक कारण असावे.

७

तिसऱ्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ च्या जानेवारीत पुण्यास, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तेव्हा तिचा विषय केवळ शिक्षण हाच होता. परंतु थोड्याच वर्षांत तिला मताधिकाराच्या प्रश्नात उतरावे लागले. १९२८ च्या नेहरू अहवालाने प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार केला. १९३० च्या सत्याग्रहात स्त्रियांनी हजारोंच्या संख्येने भाग घेतला आणि १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने प्रौढ मताधिकार व स्त्री–पुरुष समता यांचा स्वीकार केला. त्याच वर्षी महिला परिषद व इतर दोन अखिल भारतीय स्त्रीसंघटनांनी संयुक्त निवेदन काढून प्रौढ मताधिकार मागितला आणि राखीव जागा नाकारल्या. स्त्रीसंघटनांचा पवित्रा येथे ‘पुरुषांच्याच पात्रतेवर’ या सूत्रापासून ‘पात्रतेची कसोटीच नको’ या सूत्रापर्यंत येऊन पोहोचला.

सरकारचा विचार निराळ्या दिशेने चालला होता. मतदार स्त्रियांची संख्या वाढावी हे त्याला आता मान्य होते; मालमत्तेची अट सोडण्याची मात्र तयारी नव्हती. पात्र पुरुषांच्या पत्नींना व विधवांना मत द्यावे, अशी सूचना १९३० च्या सायमन अहवालात करण्यात आली. लोथियन समितीच्या सभासदांत राधाबाई सुब्बरायन व डॉ. आंबेडकर हे होते. या समितीने प्रौढ मताधिकार तूर्त अव्यवहार्य ठरविला आणि पत्नीत्वाच्या पात्रतेचा मार्ग थोड्याफार फरकाने कायम केला. स्त्रीसंघटनांनी त्यास कडाडून विरोध केला. स्त्रीचे नागरिकत्व तिच्या पतीच्या मालमत्तेवर उभे करणे म्हणजे मत देऊन व्यक्तित्व काढून घेणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. १९३३ मध्ये राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी व बेगम शरीफा हमीद अली यांनी संयुक्त संसदीय समितीपुढे हेच म्हणणे मांडले.

येथे चळवळीपुढे खरा पेच उभा राहिला. प्रौढ मताधिकार तत्काळ मिळणार नाही हे दिसू लागल्यावर संघटनांनी पतीच्या मालमत्तेपेक्षा साक्षरतेच्या कसोटीवर भर दिला. तत्त्वतः ही कसोटी अधिक स्वाभिमानाची होती. कारण ती स्त्रीच्या स्वतःच्या गुणावर आधारलेली होती. व्यवहारात मात्र तिने शेतमजूर, गिरणीकामगार व अस्पृश्य स्त्रिया जवळजवळ सर्वस्वी वगळल्या जात होत्या. उलट पत्नीत्वाची कसोटी अवमानकारक असूनही अधिक स्त्रियांना यादीत आणीत होती. कोणतीही अपुरी कसोटी स्वीकारली की चळवळीला आपल्याच काही माणसांना बाहेर ठेवावे लागते, हे या पेचाने स्पष्ट केले. आंबेडकर व जोशी यांनी प्रौढ मताधिकाराचा धरलेला आग्रह पाच वर्षांपूर्वी अतिरेकी वाटत होता. आता तोच एकमेव सुसंगत मार्ग दिसू लागला.

१९३५ च्या कायद्यात सरकारच्याच पद्धतीचा अवलंब झाला. पत्नीत्व, साक्षरता व मालमत्ता या तिन्ही कसोट्या निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रीतीने ठेवण्यात आल्या. प्रांतिक विधानसभांत स्त्रियांसाठी ४१ जागा राखून ठेवल्या गेल्या आणि संघटनांचा विरोध असतानाही त्यांची वाटणी जातीय तत्त्वावर झाली. मतदारांची एकूण संख्या तीन कोटींच्या वर गेली व त्यांत सुमारे ६० लाख स्त्रिया आल्या. १९३२ च्या तुलनेने ही वाढ मोठी होती. परंतु मागितले होते ते मिळाले नव्हते आणि मिळाले ते मागितले नव्हते. प्रश्न पुढे आणण्यात चळवळ यशस्वी झाली; उत्तर लिहिण्याची लेखणी मात्र अजून तिच्या हाती आली नव्हती.

८

ती लेखणी संविधान सभेत हाती आली. सभेच्या स्त्री सभासदांपैकी मुंबईच्या हंसा मेहता या महिला परिषदेच्या माजी अध्यक्ष होत्या. १९ डिसेंबर १९४६ रोजी केलेल्या भाषणात त्यांनी स्त्रियांसाठी राखीव जागा वा खास सवलती नकोत, सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय हवा, अशी भूमिका मांडली. प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर सभेत मोठा वाद झाला नाही. या शांततेवरूनच ‘न मागता मिळाला’ ही समजूत पसरलेली दिसते. वस्तुतः वाद झाला नाही याचे कारण तो आधीच्या तीस वर्षांत होऊन गेला होता. प्रत्येक मर्यादित कसोटी वापरून झाली होती आणि तिची अन्याय्यता आकड्यांनी सिद्ध झाली होती. संविधानाच्या ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून मतदारयादीतून कोणास वगळू नये असे ठरविले. ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार प्रस्थापित केला. त्यासाठी असलेली २१ वर्षांची वयोमर्यादा १९८९ साली १८ वर आणण्यात आली. १९१७ मधील ‘लिंगामुळे अपात्रता नको’ ही मागणी आणि १९२८ मधील ‘मालमत्तेची कसोटी नको’ ही मागणी या दोन लगतच्या कलमांत अखेर शेजारी येऊन बसल्या.

कायदा झाल्यावर आणखी एक टप्पा उरला होता. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १७ कोटींहून अधिक मतदारांच्या याद्या तयार करण्यात आल्या. त्यांतील सुमारे आठ कोटी स्त्रियांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांनी, मुख्यतः उत्तर व मध्य भारतात, परक्या अधिकाऱ्यास आपले नाव सांगितले नाही. त्यांची नोंद अमक्याची बायको किंवा तमक्याची आई अशी झाली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्याचे नाकारले, नावे देण्यास मुदत वाढवून दिली आणि तरीही जी नावे मिळाली नाहीत त्या नोंदी यादीतून काढून टाकल्या. हा निर्णय कठोर वाटतो. परंतु पतीच्या नात्याने मत नको असे १९३३ साली संसदीय समितीपुढे सांगणाऱ्या स्त्रियांचे तत्त्वच त्याने पाळले होते. पुढील निवडणुकांत अशा स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

९

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, चळवळीच्या मागणीचे शब्दच पुष्कळदा तिच्या यशाची मर्यादा ठरवितात. ‘पुरुषांच्याच पात्रतेवर’ या शब्दांनी १९२१ चा विजय सुलभ केला आणि त्याच शब्दांनी तो ३ लाख स्त्रियांपुरता राहिला. दुसरा असा की, निर्णयाचे स्थान बदलले की चळवळीचे स्वरूपही बदलावे लागते. मद्रासचे शिष्टमंडळ, लंडनमधील साक्ष, पुण्याच्या सभा व कलकत्त्यातील भेटीगाठी ही एकाच कामाची स्थलपरत्वे झालेली निरनिराळी रूपे होत. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. एका वर्गाच्या हक्काची चळवळ दुसऱ्या वंचित वर्गाच्या युक्तिवादाशी जोडली जाते, तेव्हाच अपवादाच्या जागी नियम बदलतो. स्त्रियांचा मताधिकार हा सवलतीचा प्रश्न होता तोवर त्याला सवलतींचीच उत्तरे मिळाली. तो सर्वांच्या मताधिकाराचा प्रश्न झाला तेव्हा त्याला संविधानाचे उत्तर मिळाले.

या निष्कर्षांचे महत्त्व केवळ गतकालापुरते नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद केली आणि तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जोडली. १९३१ साली स्त्रीसंघटनांनी नाकारलेल्या राखीव जागा नव्वद वर्षांनंतर मागणीचा विषय व्हाव्यात, यात विरोधाभास नाही. समान मत मिळूनही समान प्रतिनिधित्व मिळाले नाही, या अनुभवातून ती मागणी आलेली आहे. १९१९ च्या कायद्याने हक्क दिला नाही, परंतु त्याच्या नियमांत एक फट ठेवली. त्या फटीतून आत जाण्याचे काम हिराबाई टाटा, रमाबाई रानडे व कामिनी राय यांच्यासारख्या स्त्रियांना करावे लागले. कायद्याचे कलम आणि त्याची अंमलबजावणी यांमधील अंतर तेव्हाही आपोआप भरून निघाले नव्हते.